ब्रिटनमधील संग्रहालयात स्वयंसेवा आणि नाताळच्या सुट्टीतला प्रवास : आखणी कशी करावी

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी सप्टेंबरात गेलेल्या विद्यार्थ्याला डिसेंबरच्या मध्यापासून साधारण चार आठवड्यांची सुट्टी मिळते, आणि त्या सुट्टीत एखाद्या संग्रहालयात काम करावे, जमेल तेवढा देशही पाहून घ्यावा, असे अनेकांच्या मनात असते. बेत उत्तम आहे, मात्र डिसेंबरात जागे होऊन तो साधत नाही. तेथील संग्रहालयांना सुट्टीपुरता मिळणारा मदतनीस फारसा उपयोगाचा नसतो, कारण त्याला शिकवण्यात जेवढा वेळ जातो तेवढाही तो टिकत नाही. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एक ठरलेला दिवस, आणि तोही काही महिने न चुकता देण्याचा शब्द, एवढे त्यांना हवे असते. म्हणून अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, प्रशिक्षण नोव्हेंबरात, पाळ्या डिसेंबरात आणि लांबचा प्रवास शक्यतो जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, असा क्रम मी सुचवीन. हा क्रम पाळला तर दोन्ही गोष्टी नीट होतात, उलटा केला तर दोन्ही अर्धवट राहतात.

आधी व्हिसाचे नियम

स्टुडंट व्हिसावर पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येते. संग्रहालयातील विनावेतन काम या 20 तासांत धरायचे की नाही, हे त्या कामाच्या स्वरूपावर ठरते. करारपत्र, ठरलेले तास भरण्याचे बंधन आणि मोबदल्यासारखे काही मिळणे, असा प्रकार असेल तर पगार नसला तरी ते कामच मानले जाते आणि त्याचे तास 20 मध्ये मोजावे लागतात. याउलट धर्मादाय किंवा सार्वजनिक संस्थेला कराराशिवाय केलेली मदत, जिच्यात फक्त प्रत्यक्ष झालेला प्रवासखर्च आणि जेवणाचा खर्च परत मिळतो, ती स्वयंसेवा ठरते. फरक बारीक आहे, पण चूक झाली तर धोका व्हिसाला असतो. त्यामुळे संग्रहालयाने पाठवलेले भूमिकेचे वर्णन विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला ईमेलने दाखवावे आणि त्यांचे लेखी उत्तर जपून ठेवावे. ज्यांची आधीच पार्टटाइम नोकरी आहे आणि तिचे तास 20 च्या काठावर आहेत, त्यांनी हे आवर्जून करावे. खर्चाची परतफेड नेहमी तिकीट व पावती देऊनच घ्यावी. प्रत्येक दिवसाला सरसकट रक्कम कोणी देऊ केली, तर ती नम्रपणे नाकारणे हिताचे, कारण अशी रक्कम मोबदला मानली जाऊ शकते.

पर्यटक म्हणून येणाऱ्यासाठी वाट फार अरुंद आहे. व्हिजिटर व्हिसावर एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण ती भेटीचे मुख्य कारण असता कामा नये आणि संस्था धर्मादाय आयोगाकडे नोंदलेली असावी लागते. इथे एक बारकावा आहे. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम या राष्ट्रीय संस्था धर्मादाय असल्या तरी त्यांना आयोगाकडील नोंदणीतून कायद्यानेच सूट आहे. त्यामुळे ‘नोंदणीकृत’ या अटीत त्या बसतात असे आपणच गृहीत धरू नये. केवळ स्वयंसेवेसाठी जाणाऱ्यांकरिता चॅरिटी वर्कर व्हिसा आहे, ज्याची मुदत जास्तीत जास्त 12 महिने असते. मात्र त्यासाठी प्रायोजक परवाना असलेल्या संस्थेने प्रमाणपत्र द्यावे लागते. पैसे घेऊन ‘परदेशी संग्रहालयात स्वयंसेवा’ मिळवून देणाऱ्या मध्यस्थांच्या नादी मात्र कोणी लागू नये. संग्रहालये स्वयंसेवकाकडून शुल्क घेत नाहीत.

या सगळ्यात एक गट नेहमी विसरला जातो, तो म्हणजे नोकरी करणाऱ्या जोडीदाराबरोबर डिपेंडंट व्हिसावर आलेल्यांचा. त्यांना कामाच्या तासांची मर्यादा नाही आणि सहा महिने, वर्षभर शब्द पाळणेही त्यांना जमते. पुण्या-नाशिकची नोकरी सोडून आलेल्या आणि दिवसभर घरात एकट्या असलेल्या व्यक्तीला तिथल्या लोकांत मिसळण्यासाठी संग्रहालयाइतकी शांत, सुरक्षित आणि आदराने वागवणारी जागा क्वचितच मिळेल. विद्यार्थ्यांपेक्षाही त्यांनी या वाटेचा गंभीरपणे विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात. अर्ज करण्याच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरचा मजकूर स्वतः वाचावा, मित्राने गेल्या वर्षी काय केले यावर विसंबू नये.

संग्रहालय निवडणे आणि अर्ज

लंडनच्या मोठ्या संग्रहालयांची नावे सर्वांना माहीत असल्याने तिथे अर्जांची गर्दी असते. ज्या गावात आपण शिकतो त्या गावच्या संग्रहालयाकडे आधी पाहावे. विद्यापीठाचे स्वतःचे संग्रहालय असेल तर फारच चांगले. मँचेस्टर म्युझियम हे विद्यापीठाचेच आहे, आणि 2023 मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा त्यात ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने दक्षिण आशियाचे स्वतंत्र दालन सुरू झाले. डरहॅम परगण्यातील बीमिश हे उघड्यावरचे संग्रहालय आहे, जिथे जुन्या काळचे गाव, ट्रॅम, खाण आणि दुकाने उभी केली असून त्या काळचा पोशाख घालून लोक पाहुण्यांशी बोलतात. दक्षिण लंडनमधील हॉर्निमन म्युझियममध्ये वाद्यांचा मोठा संग्रह आहे. ज्याला लोकांशी बोलायला आवडते त्याने पाहुण्यांना माहिती देण्याची भूमिका मागावी. ज्याला एकांतात काम आवडते त्याने नोंदी, छायाचित्रे किंवा साठवणीच्या कामासाठी अर्ज करावा. दुसऱ्या प्रकारच्या जागा कमी असतात आणि त्या लवकर भरतात.

अर्जात ‘मला इतिहासाची आवड आहे’ एवढेच लिहिले तर ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. कोणता दिवस, किती तास, कोणत्या महिन्यापर्यंत देता येईल, परीक्षा आणि सुट्टी केव्हा आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहावे. त्यानंतर आपल्या अनुभवातली एखादी नेमकी गोष्ट सांगावी. शाळकरी मुलांचा गट रायगडावर नेऊन माहिती दिली असेल, पुण्याच्या केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते पाहत एखादा प्रकल्प केला असेल, ग्रंथालयात दाखल क्रमांकांचे काम केले असेल, तर ते लिहावे. तेथील स्वयंसेवकांच्या समन्वयकाला रायगड ठाऊक नसेल, पण 30 मुलांना उन्हात एकत्र ठेवून त्यांचे लक्ष टिकवणे म्हणजे काय, हे त्याला नेमके कळते. मराठी, हिंदी, उर्दू या भाषा येत असल्याचेही लिहावे. मोडी वाचता येत असेल तर ते ठळकपणे नमूद करावे. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील मराठी हस्तलिखितांची ब्लूमहार्ट यांनी केलेली सूची 1905 सालची असून ती हस्तलिखिते आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अशा संग्रहांपर्यंत पोहोचण्याची संधी पहिल्याच वर्षी मिळेल असे नाही, पण हे कौशल्य असलेले लोक थोडे आहेत आणि नोंद केली नाही तर ते कोणाला कळणारही नाही.

दोन संदर्भ मागितले जातात. एक प्राध्यापकांचा आणि एक भारतातील जुन्या कामाच्या ठिकाणचा चालतो, फक्त त्या व्यक्तीला आधी कळवावे आणि तिचा ईमेल पत्ता संस्थेचा असावा. लहान मुलांशी संबंध येणाऱ्या भूमिकेसाठी पार्श्वभूमीची तपासणी होते आणि नुकत्याच परदेशातून आलेल्यांकडे मायदेशातील पोलीस दाखलाही मागितला जाऊ शकतो. तो पासपोर्ट सेवेमार्फत मिळतो, आणि भारतात असतानाच काढून ठेवला तर पुढचे अनेक आठवडे वाचतात.

उत्तराची वाट पाहत असताना घरबसल्या सराव करता येतो. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था 2013 पासून जुनी हस्तलिखिते, रोजनिशा, वनस्पतींच्या नोंदी यांची अक्षरे टंकित करण्याचे काम जगभरच्या लोकांकडून ऑनलाइन करून घेते. त्यासाठी कोणताही व्हिसा लागत नाही, आणि केलेले काम अर्जात दाखवता येते.

प्रत्यक्ष काम

पहिल्या दिवशी आग लागल्यास बाहेर कसे पडायचे, हरवलेले मूल सापडल्यास कोणाला कळवायचे, अशा गोष्टी शिकवल्या जातात. त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी लक्ष देऊन ऐकाव्यात, कारण नाताळच्या गर्दीत याच कामाला येतात.

खरी शिकवण वस्तू हाताळण्याची असते. ब्रिटिश म्युझियमच्या काही दालनांत अशी टेबले आहेत, जिथे प्रशिक्षित स्वयंसेवक पाहुण्यांना खऱ्या प्राचीन वस्तू हातात घेऊ देतात. इतर अनेक संग्रहालयांतही हीच पद्धत आहे. टेबलावर जाड, मऊ कापड पसरलेले असते. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कधीच द्यायची नसते. आपण ती दोन्ही हातांनी कापडावर ठेवायची, आपले हात पूर्ण बाजूला घ्यायचे आणि मगच समोरच्याने ती उचलायची. देताना आणि घेताना दोघांनाही ‘समोरच्याने धरली आहे’ असे वाटते, आणि नेमक्या त्याच क्षणी वस्तू पडते. उचललेली वस्तू कापडापासून वीतभरापेक्षा वर न्यायची नाही, ही दुसरी अट. भांडे कानाला किंवा काठाला धरून उचलायचे नाही, कारण तोच भाग पूर्वी कधीतरी तुटून चिकटवलेला असण्याची शक्यता असते. धातूच्या वस्तूंना घामातील क्षारांनी डाग पडतात म्हणून नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालतात. जुन्या कागदासाठी मात्र बहुधा स्वच्छ धुतलेले, कोरडे, उघडे हातच योग्य मानले जातात, कारण मोज्यांत बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटते. संग्रहाजवळ पेन न्यायचे नाही, फक्त पेन्सिल. अंगठ्या, लोंबते कानातले, गळ्यातील लांब ओळखपत्र आधी काढून ठेवायचे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तळव्याखाली आपला तळवा धरून त्याला हजारो वर्षांपूर्वीची दगडी हातकुऱ्हाड उचलू देताना त्याच्या अंगठ्याला दगडातला खोलगटपणा आपोआप सापडतो, आणि त्यानंतर त्याला फार काही सांगावे लागत नाही.

हिवाळ्यात पडद्यामागेही बरेच काम असते. नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या अनेक वाड्यांत थंडीच्या महिन्यांत दालने बंद ठेवून साफसफाई होते. लाकडी नक्षीवरची धूळ जनावराच्या केसांच्या मऊ ब्रशाने हलकेच उडवत ती जाळीचे कापड बांधलेल्या व्हॅक्यूमच्या नळीकडे ढकलायची असते, म्हणजे सुटलेली एखादी कपची आत ओढली न जाता जाळीवर अडकते. गालिचे आणि लोकरी कापडांजवळ चिकट सापळे ठेवून त्यांत किती कसर (कापड खाणारी कीड) सापडली ते दर वेळी मोजून लिहायचे असते. आकड्यात वाढ दिसली तर संग्रह वाचवायला वेळ मिळतो. असे काम करण्याची संधी आली तर ती सोडू नये.

भारतीय स्वयंसेवकाला आणखी एका प्रसंगाची तयारी ठेवावी लागते. ही वस्तू इथे कशी आली, ती परत का देत नाहीत, असे पाहुणे विचारतात, आणि आपला चेहरा पाहून जरा जास्तच विचारतात. साताऱ्याला नेमलेले ब्रिटिश अधिकारी जेम्स ग्रँट डफ यांच्याकडून आलेली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्यात मांडली गेली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या संग्रहालयांनी ऑगस्ट 2022 मध्ये सात वस्तू भारताला परत देण्याचा करार केला. अशा प्रश्नांना उत्तर देताना नोंदींत काय आहे ते आधी सांगावे, जे सिद्ध नाही ते तसेच सांगावे, आणि आपले मत विचारले तरच, ते आपले आहे हे स्पष्ट करून, सांगावे. राग किंवा संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या दालनात उभ्या असलेल्या माणसाला खरी माहिती मिळणे अधिक मोलाचे.

डिसेंबरच्या पाळ्या

ब्रिटिश म्युझियमसह लंडनची बहुतेक मोठी संग्रहालये 24, 25 आणि 26 डिसेंबरला बंद असतात. 27 तारखेपासून नववर्षापर्यंत मात्र कुटुंबांची झुंबड उडते, आणि नेमके तेव्हाच नेहमीचे स्वयंसेवक, ज्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ असतात, आपल्या मुला-नातवंडांकडे गेलेले असतात. घरापासून दूर असलेल्या विद्यार्थ्याने नोव्हेंबरातच समन्वयकाला सांगावे की 27 ते 31 डिसेंबरपैकी अमुक दिवस मी येईन आणि जानेवारीचे पहिले दोन आठवडे येणार नाही. हा सौदा दोघांच्याही सोयीचा असतो. एकदा दिलेला दिवस स्वस्त तिकीट मिळाले म्हणून मोडू नये. आजारी पडलो तर सकाळी लवकर फोन करावा, केवळ मेसेज टाकून गप्प बसू नये. पाळीत तासन् तास उभे राहावे लागते, त्यामुळे पायांना सवयीचे बूट घालावेत. दालने उबदार असतात, म्हणून एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा उतरवता येतील असे दोन-तीन पातळ थर बरे.

25 डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे धावत नाही, लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि बसही बंद असतात, आणि इंग्लंडमधील मोठी दुकाने कायद्यानेच बंद ठेवावी लागतात. 26 ला रेल्वे जवळजवळ नसतेच. दूध, भाजी, औषधे 24 तारखेच्या दुपारपर्यंत आणून ठेवावीत. 25 किंवा 26 ला विमान असेल तर विमानतळावर जायची सोय महिनाभर आधी पक्की करावी. विद्यापीठे व स्थानिक मंडळे मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी अनेकदा सामूहिक जेवण ठेवतात, तिथे जरूर जावे. लंडनमध्ये 1932 साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे, तिथल्या कार्यक्रमांची चौकशी करावी.

प्रवास

नाताळ आणि नववर्ष यांच्यामधला आठवडा प्रवासाला सर्वांत महाग आणि सर्वांत बेभरवशाचा असतो, कारण रेल्वेमार्गांच्या दुरुस्तीची मोठी कामे त्याच काळात काढतात आणि काही मार्ग पूर्ण बंद राहतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुरू झाल्या की हॉस्टेलचे दर उतरतात आणि गाड्यांत जागा मिळते. याला एक अपवाद आहे. नाताळसाठी सजवलेले जुने वाडे पाहायचे असतील तर ते डिसेंबरच्या मध्यालाच पाहावेत, कारण त्यांपैकी अनेक वाडे जानेवारीत बंद असतात. वेल्समधील पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे, टिपू सुलतानाच्या तंबूसह. आइल ऑफ वाइटवरील ऑस्बोर्न हाउसचे दरबार दालन पंजाबातील कारागीर भाई राम सिंग यांच्या आराखड्यातून उभे राहिले. दोन्ही ठिकाणी हिवाळ्यातल्या वेळा मर्यादित असल्याने निघण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

जानेवारीसाठी लंडन, मँचेस्टर, ग्लासगो, एडिंबरा, यॉर्क आणि परत लंडन असा फेरा सोयीचा पडतो. लंडनहून मँचेस्टर रेल्वेने सव्वादोन तासांच्या आत, मँचेस्टरहून ग्लासगो सव्वातीन तासांच्या आसपास, ग्लासगोहून एडिंबरा तासाभरात, तिथून यॉर्क अडीच तास आणि यॉर्कहून लंडन सुमारे दोन तास. या मार्गावरची बहुतेक मोठी संग्रहालये विनाशुल्क आहेत. इंग्लंडमधील राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह डिसेंबर 2001 पासून सर्वांना मोफत पाहता येतात. ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात दुपारी ऑर्गनवादन होते, त्या वेळेच्या आधी जाऊन वरच्या सज्जात जागा धरावी. स्कॉटलंडमध्ये 1 आणि 2 जानेवारी हे दोन्ही दिवस सुट्टीचे असतात आणि एडिंबरामध्ये नववर्षाच्या उत्सवामुळे खोल्यांचे दर चढलेले असतात, म्हणून 3 तारखेनंतर उत्तरेकडे जावे. तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. उघड्यावरची ठिकाणे सकाळी दहा ते दोन या वेळेत पाहून संग्रहालये दुपारनंतर ठेवावीत.

तिकिटांसाठी 16 ते 25 वयाचे रेलकार्ड, म्हणजे रेल्वेचे सवलतकार्ड, घ्यावे, त्यावर भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते. वय 26 पेक्षा जास्त असले तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला तेच कार्ड मिळू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरते असते, गाडी चुकली की ते वाया जाते. दूरपल्ल्याच्या बस रेल्वेपेक्षा स्वस्त पडतात, पण जानेवारीतल्या रात्री त्यांतून प्रवास करून सकाळी सहाला काळोखात, बंद शहरात उतरण्यात काही अर्थ नाही. लंडनमध्ये असताना 10, किंग हेन्रीज रोड येथे अवश्य जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये तिथे राहत होते, महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते घर विकत घेतले आणि आज तिथे त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे.

सीमा ओलांडताना विशेष जपावे. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्याच राज्याचा भाग असल्याने बेलफास्टला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. तिथून डब्लिनची बस पकडणे मात्र वेगळ्या देशात जाणे आहे. रस्त्यात तपासणी नाका दिसत नाही म्हणून अनेक जण फसतात, पण स्टुडंट व्हिसाधारक भारतीय नागरिकाला आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. युरोपातील शेंगेन देशांसाठीचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांसाठीचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावा लागतो, तसेच 30,000 युरोंच्या संरक्षणाचा प्रवासविमा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भेटीच्या वेळा मिळणे अवघड असल्याने पॅरिस-रोमचा बेत ईस्टरच्या सुट्टीवर ढकलणे शहाणपणाचे. ब्रिटनबाहेर जाण्यापूर्वी आपला चालू पासपोर्ट ऑनलाइन ई-व्हिसाच्या खात्याला जोडलेला आहे ना, ते तपासावे.

प्रवासात इतर संग्रहालये पाहताना स्वयंसेवकांशी आवर्जून बोलावे. आपणही हेच काम करतो म्हटले की ते मोकळेपणाने बोलतात, आणि कुठे कोणती भूमिका रिकामी होणार आहे हेही त्यांच्याकडूनच कळते. परतल्यावर लगेच फेब्रुवारीच्या पाळ्या समन्वयकाकडून निश्चित करून घ्याव्यात आणि दिलेल्या तासांची तारीखवार नोंद स्वतःजवळ ठेवावी. अभ्यासक्रम संपून भारतात परतायचे असेल, तर शिफारसपत्र निघण्याच्या किमान महिनाभर आधी मागावे आणि त्यासोबत ही नोंद जोडावी, म्हणजे पत्रात कोणत्या संग्रहावर, कोणते काम, किती तास केले हे नेमकेपणाने लिहिता येते.